टेबलावरच्या कापडाचा रंग: कॅथलिक प्राथमिक शाळेच्या फाटकाशी सात वर्षं

थेट सांगते, आम्ही ख्रिस्ती नाही. थोरली बालवर्गापासून पाचवीपर्यंत याच शाळेत होती, गेल्या वर्षी बाहेर पडली. धाकटा आता तिसरीत आहे. म्हणजे सात वर्षं मी या फाटकाशी उभी राहते आहे. हिशेब तपासणं हा माझा धंदा, त्यामुळे माहितीपत्रकात जे छापलंय आणि हातात जे पडतं ते ताडून बघायची खोडच लागली आहे. शाळेचं नाव घालत नाही. खाली दोनचार तक्रारी आहेत आणि धाकट्याला अजून तिथेच बसायचंय.

प्रवेशाच्या दिवसांत ओळखीपाळखीचे लोक फोन करतात आणि तीनच गोष्टी विचारतात. अभ्यास घेतात का, शिस्त कशी आहे, आणि मग जरा आवाज खाली आणून, ‘बाकी ते धर्माचं वगैरे?’ आमच्या सासूबाईंनी आवाज खालीबिली आणला नव्हता. ‘पोरीला बाटवून आणलीत तर माझ्याशी गाठ आहे,’ असं त्यांनी नवऱ्याला दारातच सुनावलं होतं. तेव्हा आधी तेच उरकते.

धर्म आहे, आणि भरपूर आहे. ज्यांना नावापुरती कॅथलिक शाळा हवी असेल त्यांनी दुसरीकडे बघावं. सकाळी प्रार्थना, डबा उघडण्याआधी प्रार्थना, सुटताना प्रार्थना. आठवड्यातून एकदा सगळी शाळा रांगेने शेजारच्या चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे सामूहिक उपासनेला जाते. धर्मशिक्षण हा इतर विषयांसारखाच विषय. त्याची वही, त्याची चाचणी, प्रगतिपुस्तकात त्याचा रकाना. यातून सूट मागायची सोय नाही. मुख्याध्यापिकाबाईंनी पहिल्या भेटीतच, आम्ही विचारायच्या आधी सांगून टाकलं, ‘तिला बसावं लागेल, उभं राहावं लागेल, ऐकावं लागेल. मानावं लागेल असं मी म्हणणार नाही.’

घरी येऊन मी वाचत बसले. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६५ मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जाहीरनामा काढला, त्यात श्रद्धेची सक्ती कुणावरही करता येणार नाही असं स्वच्छ म्हटलं आहे. चर्चच्या १९८३ च्या कायदासंहितेत तर ८६८ वं कलमच आहे, की आईवडिलांपैकी निदान एकाची संमती नसेल तर एरवी लहान मुलाला बाप्तिस्मा देता येत नाही. हे कलम मी सासूबाईंना वाचून दाखवलं. ‘कागदावर काय, काहीही लिहितात,’ त्या म्हणाल्या. माझ्या धंद्यात मीही हेच म्हणते, त्यामुळे गप्प बसले.

सात वर्षांत बाटलं कुणी नाही. पण घरात एक गोष्ट मात्र शिरली, ती म्हणजे कापडाचा रंग.

प्रत्येक वर्गाच्या कोपऱ्यात एक छोटं टेबल असतं. त्यावर क्रूस, बॅटरीवरची मेणबत्ती, बायबल, आणि खाली एक कापड. हे कापड चर्चच्या वर्षाप्रमाणे बदलतं. नाताळच्या आधीच्या चार रविवारांचा आगमनकाळ, तो जांभळा. नाताळ पांढरा. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा प्रायश्चित्तकाळ पुन्हा जांभळा. ईस्टरचे पन्नास दिवस पांढरे. हुतात्म्यांच्या दिवशी लाल. आणि उरलेला सगळा सामान्यकाळ हिरवा. हा हिरवा तेहतीस-चौतीस आठवडे चालतो, जूननंतर तर संपता संपत नाही. वर्षातून दोनच रविवार गुलाबी असतात, एक आगमनकाळातला तिसरा आणि एक प्रायश्चित्तकाळातला चौथा. ‘अर्धं झालं ना, म्हणून थोडी मजा,’ असं थोरलीने मला समजावलं होतं. खरं तर तो रंग रविवारपुरताच, पण वर्गातल्या बाई सोमवारी मुद्दाम गुलाबी कापड पसरतात, नाहीतर मुलांना तो दिसायचा कधी?

तर हे कापड बदलायचं काम दर वेळी एका मुलाचं. थोरली पहिलीत असताना तिची पाळी आली, जांभळ्याची. मी त्या सकाळी काही कागद द्यायला गेले होते आणि दाराच्या काचेतून बघत राहिले. आधी हात धुतले. बायबल दोन्ही हातांनी उचलून बाईंकडे दिलं. क्रूस खुर्चीवर ठेवला, मग मेणबत्ती. हिरवं कापड काढून चार घड्या केल्या, त्यातली शेवटची काही केल्या जुळेना, तशीच दाबून टाकली. मग जांभळं पसरलं. ते एका बाजूला चांगलं वीतभर जास्त लोंबत होतं. बाईंनी बघितलं. मला वाटलं आता त्या सरळ करतील. मी असते तर केलं असतं. त्यांनी नाही केलं. ‘झालं? मग मेणबत्ती लाव,’ म्हणाल्या. नाताळच्या सुटीपर्यंत ते कापड तसंच तिरकं होतं.

माहितीपत्रकात ‘मूल्यशिक्षण’, ‘सर्वांगीण विकास’ असले शब्द भरपूर आहेत. कुठल्या शाळेच्या पत्रकात नसतात? इथे मला मिळालं ते वेगळं. ही शाळा लहान मुलाला काम देते ते खरं देते, लुटुपुटुचं नाही. आणि एकदा दिलं की मोठ्यांचा हात त्यात घालत नाही.

मिस्सातलं वाचन हे याचं सगळ्यात मोठं उदाहरण. शाळेच्या मिस्सात पहिलं वाचन मुलंच करतात, मागण्या मुलंच वाचतात, अर्पणाची भांडी वेदीपर्यंत मुलंच नेतात. थोरलीची पाळी तिसरीत आली. बिगर-ख्रिस्ती मुलांना अर्पणाची भांडी देतात, प्रार्थनेच्या मागण्या वाचायला देतात. वाचनपीठावरून बायबलचं वाचन सहसा कॅथलिक मुलंच करतात, तसा प्रघात आहे. म्हणून तिला मिळाल्या त्या मागण्या, आणि त्यातली एक परदेशातल्या पूरग्रस्तांसाठी होती. गावाचं नाव असं, की आमच्या घरी आठवडाभर आरशासमोर त्याचाच जप. सराव करून घेणाऱ्या बाई रिकाम्या चर्चमध्ये पार शेवटच्या बाकामागे जाऊन उभ्या राहायच्या आणि फक्त हात वर करायच्या: ऐकू येत नाही. ओरडायचं नाही, सावकाश म्हणायचं. वाचनपीठाशी लाकडी पाट, त्यावर चढायचं, माइक स्वतः खाली ओढायचा.

त्या दिवशी त्या गावाच्या नावाशी ती अडखळलीच. तीनेकशे पोरं समोर. मी बाकाची कड धरून बसलेली. कुणीही मागून शब्द पुरवला नाही. तिने वर बघितलं, पुन्हा कागदात बघितलं, नावाचे तीन तुकडे केले आणि एकेक करून म्हटले. सगळ्यांनी मिळून उत्तर दिलं, ती खाली उतरली, जागेवर जाऊन बसली. टाळ्या नाहीत. मिस्सात कुणी वाचलं म्हणून टाळ्या वाजवत नाहीत. आपल्याकडे मूल शिंकलं तरी वाहवा करायची पद्धत पडली आहे, त्यात मला हे फार बरं वाटलं. घरी आल्यावर तिने विचारलं, ‘ऐकू आलं?’ कसं झालं नाही, ऐकू आलं का.

मोठ्या वर्गातल्या मुलाला एकेक बालवर्गातलं मूल लावून देतात, ते मिस्सात शेजारी बसतं. थोरलीच्या वाट्याला बूट काढून फेकणारा मुलगा आला होता. वर्षअखेरीस तो बूट काढत नव्हता आणि तिची चिडचिड निम्म्यावर आली होती. यावर जास्त लिहीत नाही.

१ नोव्हेंबरला सर्व संतांचा सण. मुलं एकेका संताचा वेष करून येतात आणि आपण कोण ते पाच ओळींत सांगतात. बरीच पोरं तलवारवाला नाहीतर राजा-राणी संत शोधतात. थोरलीला बाईंनी चिठ्ठीतून दिली एलिझाबेथ ॲन सेटन, आणि ती हिरमुसली, कारण काळा झगा आणि काळी टोपी याखेरीज त्यात काही नव्हतं. पण मला ही बाई तेव्हापासून आवडते. पाच मुलांची आई. नवरा १८०३ मध्ये इटलीत वारला, धंदा आधीच बुडालेला. पुढे ती कॅथलिक झाली, सोयरेधायरे दुरावले. १८०९ मध्ये मेरीलंडमधल्या एमिट्सबर्गला गेली, धर्मभगिनींचा संघ काढला आणि १८१० मध्ये तिथे मुलींची मोफत शाळा सुरू केली. अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांची सुरुवात सांगताना तिचं नाव घ्यावंच लागतं. १९७५ मध्ये तिला संत घोषित केलं. अमेरिकेत जन्मलेली ती पहिली संत. ‘पाच मुलं आणि वर शाळा?’ सासूबाईंनी विचारलं. काळी टोपी शेवटी त्यांनीच शिवून दिली.

आता शिस्तीबद्दल. छडीबिडी नाही. रांगा आहेत, गणवेशाच्या बारीकसारीक सूचना आहेत, त्या असतातच. टाळीचा एक ठेका आहे, बाईंनी वाजवला की मुलं तोच परत वाजवून गप्प होतात. याचं मूळ जुनं दिसतं. फ्रान्समधल्या रँसचे जाँ-बातिस्त द ला साल, सतराव्या शतकातले, यांच्या शाळांतले शिक्षक हातात लाकडी टकटकी ठेवत आणि बोलण्याऐवजी तिच्या खुणेवर वर्ग चालवत. एकेका मुलाला जवळ बोलावून शिकवण्याऐवजी सगळ्या वर्गाला एकदम शिकवणं, लॅटिनऐवजी मुलांच्या बोलीत आधी वाचायला लावणं, हेही त्यांनी रुळवलं. १९५० मध्ये त्यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत जाहीर केलं.

पण मला शिस्त दिसली ती माफीत. दुसरीत असताना थोरलीने एका मुलीचं चित्र फाडलं. रागाने, मुद्दाम, मधोमध. मला शाळेतून निरोप आला. मी ठरवूनच गेले होते की ‘सॉरी म्हण’ म्हणायचं आणि विषय मिटवायचा. बाई म्हणाल्या, नुसतं सॉरी इथे चालत नाही. मी काय केलं ते तिने तोंडाने सांगायचं. त्याने समोरचीचं काय झालं ते सांगायचं. भरून काय देणार ते सांगायचं. मग विचारायचं, मला माफ करशील का. आणि समोरचीने उत्तर द्यायचं, खरं उत्तर.

थोरलीने रडतरडत चारही पायऱ्या पार केल्या. ती दुसरी मुलगी, दोन वेण्या, पुढचे दात पडलेले, जरा विचार करून म्हणाली, ‘अजून नाही.’

माझ्या पोटात गोळा आला. बाईंनी मात्र मान डोलावली. ‘ठीक. उद्या पुन्हा विचार.’ दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी नाही. दरम्यान थोरली घरी रोज नवीन कागदावर ते चित्र काढत होती, घर, झाड, झाडावर काहीतरी जे तिला आठवत नव्हतं. चौथ्या दिवशी होय आलं. झाडावर पतंग होता, तो त्या मुलीने स्वतः काढला.

या पायऱ्या कुठून आल्या ते मला नंतर धर्मशिक्षणाच्या वहीत सापडलं. पापनिवेदनाच्या संस्कारात हेच आहे: पश्चात्ताप, कबुली, भरपाई आणि क्षमा. आम्ही त्या संस्काराचे कुणी नाही, पण त्याचा सांगाडा आमच्या घरात आला तो असा. महिन्याभराने नवऱ्याने तिची रंगपेटी चुकून गाडीखाली दिली. ‘अगं सॉरी ना,’ तो म्हणाला. ‘काय केलंस ते आधी सांग,’ ती म्हणाली. त्या माणसाला मी इतकं अवघडलेलं लग्नातही पाहिलं नव्हतं.

तक्रारींकडे येते. पहिली त्याच दुसरीच्या वर्षाची. दुसरीत कॅथलिक मुलांचं पहिलं पापनिवेदन आणि पहिलं कम्युनियन, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर पहिल्यांदा घेणं, असतं. पूर्वी हे बरंच मोठेपणी होई. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये फर्मान काढून सातव्या वर्षाच्या आसपास, मुलाला समज आली की द्यावं, असं ठरवलं. तेव्हापासून दुसरीचं वर्ष म्हणजे त्याचंच वर्ष. गाणी त्याची, हस्तकला त्याची, पांढऱ्या कपड्यांची चर्चा त्याची. वर्गात सव्वीस मुलं, त्यातली तीन आमच्यासारखी. बाकी तेवीस जणांनी फेल्टच्या कापडावर आपापलं नाव लिहून झेंडे केले, ते चर्चच्या बाकांना लावले. या तिघांना तेवढा वेळ ‘चित्र रंगवा’ म्हणून कागद दिले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण थोरली त्या महिन्यात घरी काहीच बोलायची नाही आणि एकदा झोपताना म्हणाली, ‘मला झेंडा नाही.’ कम्युनियनच्या वेळी तिने रांगेत जाऊन हात छातीवर आडवे धरायचे, म्हणजे फादर नुसता आशीर्वाद देतात. ती गेली, हात धरले, आली. बाकावर तिच्या जागी झेंडा नव्हता हे मलाही दिसत होतं.

मी पत्र लिहिलं. जरा तिखटच लिहिलं. सविस्तर उत्तर आलं नाही, ‘दखल घेतली’ एवढंच आलं, त्याचा राग वर्षभर होता. पण गेल्या वर्षी धाकटा दुसरीत गेला तेव्हा बिगर-कॅथलिक मुलांना आधीच बोलावून सांगितलं की दारात उभं राहून आलेल्या माणसांना गाण्यांचे कागद द्यायचे आणि आजीआजोबांना जागेवर न्यायचं, हे तुमच्याकडे. झेंडे सगळ्यांचे झाले, यांच्यावर क्रूसाऐवजी दार काढलं होतं. धाकटा दोन म्हाताऱ्यांना चुकीच्या बाकावर बसवून आला, पण आला तो छाती काढून.

दुसरी तक्रार जास्त गंभीर. शाळा सरासरी मुलांना आणि हुशार मुलांना छान सांभाळते. अडखळणाऱ्या मुलासाठी तिच्याकडे माणसं कमी आहेत. धाकट्याला पहिलीत अक्षरं जुळत नव्हती. वर्गातल्या बाईंच्या लक्षात ते दुसऱ्याच महिन्यात आलं, त्याबद्दल त्यांचे आभार. पण खास शिक्षिका एक, ती दोन शाळांत वाटलेली, तिच्याकडे आठवड्याला अर्धा तास, तोही सुट्या आणि स्नेहसंमेलन सांभाळून. वर्षभर आम्हाला ‘येईल, येईल, प्रत्येक मूल आपल्या वेळेने फुलतं’ ऐकवलं. शेवटी बाहेर तपासणी करून घेतली, बाहेर शिकवणी लावली, तेव्हा गाडं रुळावर आलं. त्या बैठकीत मी चर्चच्या कायद्याचं ८०६ वं कलम सोबत नेलं होतं: कॅथलिक शाळेतलं शिक्षण त्या भागातल्या इतर शाळांच्या निदान तोडीचं असेल याची काळजी संचालकांनी घ्यायची आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाल्या, ‘हे आमच्याविरुद्ध कुणी वापरेल असं वाटलं नव्हतं.’ हसल्या, पण अर्धा तासाचा एक तास झाला तो पुढच्या सत्रात. ज्यांच्या मुलाला वाचनात, बोलण्यात, एका जागी बसण्यात विशेष मदत लागते, त्यांनी प्रवेशाआधी नेमकं विचारावं: माणूस कोण, आठवड्याला किती वेळ, आणि तो रजेवर गेला तर कोण?

बाकी अभ्यास चांगला. अक्षर, पाढे, मोठ्याने वाचन यावर जुन्या पद्धतीने भर. विज्ञानाची मला धास्ती होती, ती निराधार निघाली. चौथीत थोरलीने धर्माच्या तासाला विचारलं की सहा दिवसांत जग झालं तर तो मोठा स्फोट, बिग बँग, केव्हा? बाईंनी तिला जॉर्ज लमेत्र यांची गोष्ट सांगितली. विश्व प्रसरण पावतंय हे गणिताने १९२७ मध्ये मांडणारा हा बेल्जियन भौतिकशास्त्रज्ञ स्वतः कॅथलिक धर्मगुरू होता. ‘ते फादर होते!’ असं तिने आम्हाला येऊन सांगितलं, जणू आम्हीच अडवत होतो.

फीबद्दल आकडे देत नाही, प्रत्येक ठिकाणी निराळे असतात, पण रचना समजून घ्या. पॅरिशची, म्हणजे त्या भागातल्या चर्चची शाळा असेल तर बऱ्याच ठिकाणी पॅरिशच्या नोंदणीकृत कुटुंबांना एक दर आणि बाकीच्यांना दुसरा, कारण पॅरिश आपल्या दानातून शाळेला पैसे देते. दुसऱ्या भावंडाला सवलत. अडचणीतल्या कुटुंबाला मदत, तीही गुपचूप. आमच्याच ओळखीत एका घरी नोकरी गेली तेव्हा मुलांना शाळेतून काढावं लागलं नाही. या शाळा एके काळी इतक्या स्वस्त कशा चालायच्या याचं कोडं मला हिशेबाच्या दृष्टीने होतं. उत्तर सोपं आहे. शिकवायच्या सिस्टर, आणि त्यांचा पगार जवळजवळ नव्हताच. ते अनुदान कुठल्याच खातेवहीत दिसत नव्हतं. सिस्टर कमी झाल्या, पगारी शिक्षक आले, फी वाढली. अमेरिकेत १९६० च्या दशकात कॅथलिक शाळांत पन्नास लाखांवर मुलं होती, आता सतरा लाखांच्या आसपास. आमच्या शाळेत एकच सिस्टर उरली आहे, ग्रंथालयात बसते आणि उशिरा पुस्तक आणणाऱ्याकडे नुसती बघते. दंड लावायची गरज पडत नाही.

पालकांकडून शाळा कामही घेते. वर्षाला ठरावीक तास भरायचे: डब्याच्या सुटीवर लक्ष, ग्रंथालय, जत्रेचा गल्ला. तास भरले नाहीत तर पैसे. चर्चच्या कागदपत्रांत आईबापच मुलाचे पहिले आणि मुख्य शिक्षक असं पुन्हा पुन्हा म्हटलेलं आहे, १९६५ च्या शिक्षणविषयक जाहीरनाम्यातही आहे. ते वाक्य आमच्या शाळेने जरा जास्तच मनावर घेतलंय. दोघं नोकरी करणाऱ्या घरात हे तास काढताना जीव जातो, आणि संध्याकाळची कामं नेहमी आयांच्याच नावावर कशी पडतात हेही मी एकदा बैठकीत विचारलं होतं. पण जत्रेच्या गल्ल्यावर बसूनच माझी त्या दोन वेण्यावालीच्या आईशी ओळख झाली.

एक प्रश्न मी पहिल्याच भेटीत विचारला आणि तुम्हीही विचारा. चर्चच्या संस्थांत मुलांवर जे अत्याचार झाले आणि झाकले गेले, ते आता जगाला माहीत आहे. अमेरिकेतल्या बिशपांनी २००२ मध्ये मुलांच्या संरक्षणाची सनद केली, पोप फ्रान्सिस यांनी २०१९ मध्ये धर्मगुरूंना आणि धर्मभगिनींना अशा गोष्टी वर कळवणं बंधनकारक केलं. मी विचारलं, तुमच्याकडे काय? मुख्याध्यापिकाबाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर मी तिथूनच परतले असते. त्यांनी मला दारं दाखवली. प्रत्येक दाराला काच, ऑफिसलाही. मोठं माणूस एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं बसत नाही. पापनिवेदन चर्चमध्ये उघड्यावर, सगळ्यांच्या नजरेसमोर, ऐकू येणार नाही एवढ्या अंतरावर. आणि ग्रंथालयात पुस्तकं लावायला जाणाऱ्या मलासुद्धा आधी प्रशिक्षण आणि पार्श्वभूमीची तपासणी. त्या तपासणीला पाच आठवडे लागले आणि तोवर माझे तास भरले नाहीत म्हणून मला पैशांचं पत्र आलं. भांडले. पैसे माफ झाले, तपासणी नाही.

शाळा बघायला जायचं तर ‘ओपन डे’ला, फुगे लावलेले असताना जाऊ नका. मिस्साच्या दिवशी सकाळी परवानगी घेऊन शेवटच्या बाकावर बसा. एखादं मूल वाचताना अडलं तर मोठी माणसं काय करतात ते बघा. मैदान लहान आहे, गणवेशाचा मोजा पहिल्या धुण्यात आटतो, आणि सुटीच्या वेळी फाटकाशी गाड्यांची जी कोंडी होते तिच्यावर कुठल्याही संताचा इलाज चालत नाही.

प्रवेशाच्या फॉर्मवर बाप्तिस्म्याच्या तारखेचा रकाना आहे. आपला नसेल तर तो मोकळा सोडा, त्यावर रेघ मारू नका. मी रेघ मारली होती, तर ऑफिसातल्या बाईंनी ‘खाडाखोड आहे’ म्हणून फॉर्म परत पाठवला.